न्यू जर्सीत घर घेताय? आधी शाळेचं बजेट बघा

न्यू जर्सीत नवीन आलेली आपली मंडळी घर शोधताना शाळेच्या रेटिंगचा दहापैकी आकडा मोबाइलवर बघतात. नऊ असला तर पुढे, सहा असला तर फुली. एडिसन किंवा वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोसारख्या मोठ्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे स्वतःचं बोर्ड आणि बजेट असलेला शाळांचा विभाग) तेवढ्यावर निभावतं. पण मोकळं अंगण हवं म्हणून हंटरडन काउंटीकडे सरकलात की गाठ लहान डिस्ट्रिक्टशी पडते. राज्यात पाचशेहून जास्त डिस्ट्रिक्ट आहेत, आणि काहींत तर आठवीपर्यंतची एकच शाळा. नववीपासून मुलं शेजारच्या गावांसोबत रीजनल हायस्कूलला जातात. अशा ठिकाणी डिस्ट्रिक्ट दोन, त्यांचा कारभार बघणारी बोर्डं दोन, आणि टॅक्सच्या बिलात शाळेच्या ओळीही दोन. चौकशी दोन्हीकडे करावी लागते.

आधी निकालाचं बघू. तिसरी ते आठवी दर वसंतात इंग्रजी आणि गणिताची राज्य परीक्षा होते. २०२५ पर्यंतच्या परीक्षांत गुण ६५० ते ८५० मध्ये असत, आणि ७५० मिळाले की अपेक्षेइतकं आलं असं धरत. लहान शाळेत इयत्तेत वीसच मुलं असली तर एक मूल म्हणजे पाच टक्के. त्या दिवशी दोघांचं बिनसलं की टक्का दहाने खाली, आणि आपण म्हणतो शाळा घसरली! दहापेक्षा कमी मुलांच्या गटाचा आकडा तर राज्य छापतच नाही. म्हणून एका वर्षावर जाऊ नका, राज्य शाळेचे जे रिपोर्ट काढतं, ते तीन-चार वर्षांचे शेजारी ठेवून बघा. त्यातच ‘ग्रोथ पर्सेंटाइल’ असतं. आधी साधारण तेवढेच गुण असलेल्या राज्यातल्या इतर मुलांच्या तुलनेत ही मुलं किती पुढे गेली, ते त्यातून कळतं. पन्नास म्हणजे मधोमध. मला विचाराल तर दहापैकी आकड्यापेक्षा हा जास्त खरं बोलतो, कारण पहिल्यात शाळेच्या शिकवण्याइतकीच आई-बापांची कमाईही मोजली जाते.

आता पैशाचं. आपल्याकडे अनुदानित शाळेतल्या शिक्षकांचा पगार सरकार देतं, गावाच्या घरपट्टीवर तो अवलंबून नसतो. इथे बहुतेक गावांत शाळा चालते ती मुख्यतः घरपट्टीवर. २०२४ मध्ये राज्यातलं सरासरी प्रॉपर्टी टॅक्सचं बिल दहा हजार डॉलरच्या वर गेलं, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वाटा शाळांचा असतो. भाड्याने राहत असाल तर तोच टॅक्स भाड्यातून भरताय. मात्र डिस्ट्रिक्टला तो हवा तसा वाढवता येत नाही. २०१० च्या कायद्याने वर्षाला दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे. आरोग्य विम्याच्या खर्चासारखे थोडे अपवाद सोडले तर त्यावर जायला मतदारांची परवानगी लागते. इकडे विमा आणि बसचा ठेका दोन टक्क्यांत थांबत नाही.

राज्याची मदत २००८ च्या सूत्राने ठरते. गावाने स्वतः किती भार उचलायचा हे निम्मं घरांच्या किमतीवरून, निम्मं रहिवाशांच्या उत्पन्नावरून काढतात. घरं महाग झाली की गाव कागदावर श्रीमंत होतं. तुमच्या खिशात एक डॉलर जास्त आलेला नसतो, पण मदत घटू शकते. शिवाय २०१८ च्या कायद्याने सूत्रापेक्षा जास्त मदत घेणाऱ्या डिस्ट्रिक्टांची मदत २०२४-२५ पर्यंत टप्प्याटप्प्याने कापली. पटसंख्या घटत चाललेल्या कितीतरी डिस्ट्रिक्टांना ते फार झोंबलं. वीसऐवजी सतरा मुलं आली म्हणून शिक्षिका, बॉयलर आणि मुख्याध्यापिका यांचा खर्च काही कमी होत नाही.

हे सगळं बघायला डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवरचं ‘यूजर फ्रेंडली बजेट’ उघडा. पहिला तक्ता पटसंख्येचा. त्यातली अपंगत्वामुळे बाहेरच्या खास शाळेत पाठवलेल्या मुलांची ओळ नीट वाचा. एका मुलाची तिथली फी आणि ने-आण मिळून लाखभर डॉलरपर्यंत जाऊ शकते. तो खर्च मुलाचा हक्क आहे, त्याबद्दल कुरकुर नको. पण छोट्या बजेटला तो एकदम जाणवतो. पुढे शिल्लक रकमांचा तक्ता येतो. सर्वसाधारण शिल्लक बजेटच्या दोन टक्के किंवा अडीच लाख डॉलर, यांपैकी जे जास्त, तेवढीच ठेवता येते. इमारतीची राखीव रक्कम वेगळी. ती दरवर्षी आटत असेल आणि छप्पर जुनं असेल, तर कर्जरोख्यांचं मतदान (दुरुस्तीसाठी कर्ज काढायला मतदारांची परवानगी) फार लांब नाही असं समजा.

बसबद्दल घर घेण्याआधीच विचारा. आठवीपर्यंत शाळा दोन मैलांपेक्षा आणि हायस्कूल अडीच मैलांपेक्षा लांब असेल तरच बस देणं बंधनकारक आहे. त्याच्या आतली बस ही गावाची मेहेरबानी, आणि कात्री लागली की बहुधा पहिली तीच जाते किंवा तिला फी लागते.

प्रवेशाला लीज, लाइटबिल, जन्मदाखला आणि लसीकरणाचे कागद लागतात. व्हिसा विचारायचा त्यांना अधिकार नाही. घरच्या भाषेच्या फॉर्मवर बिनदिक्कत ‘मराठी’ लिहा. मुलाचं इंग्रजी तपासतील, गरज असेल तर मदत मिळेल.

एच-वन व्हिसावर असताना मत देता येत नाही, पण बोर्डाच्या बैठकीला कुणीही जाऊ शकतं आणि बोलूही शकतं. लहान गावात ती शाळेच्या लायब्ररीतच भरते. पोरांच्या बुटक्या खुर्च्या, समोर बिनपगारी सात-नऊ गावकरी, आणि बोलायला साधारण तीन मिनिटं. बजेटची सुनावणी एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला असते. ‘पुढच्या वर्षी कोणती पदं कमी होणार?’ एवढं विचारलंत तरी उत्तर इतिवृत्तात येऊ शकतं.