मुंबईत दातांचा डॉक्टर शोधताय? आधी गावी परतायची तारीख बघा

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमधे मी दादरला दाढेचं रूट कॅनल करून घेतलं, दुखायचं थांबलं, डॉक्टर म्हणाले दहा दिवसांनी कॅप बसवायला या, आणि मी काय केलं तर रात्रीची तुतारी एक्सप्रेस पकडून सरळ कणकवली गाठली कारण घरी आंब्याच्या पेट्या भरायची गडबड. मे महिन्यात फणसाची भाजलेली आठळी चावली आणि दाढ उभी चिरली. काढावीच लागली. चूक माझीच, पण कॅप नाही बसवली तर दाढ फुटू शकते हे असं सरळ कोणी सांगितलंही नव्हतं. नस काढलेली, किडीने आधीच पोखरलेली, वर मधोमध भोक पाडलेली दाढ, ती चावायचा जोर किती दिवस झेलणार.

म्हणून आपल्याकडून, म्हणजे कोकणातून, मुंबईला जाणाऱ्याने रेटच्या आधी विचारायचं ते हे, की एकूण फेऱ्या किती आणि दोन फेऱ्यांमधे किती दिवस. फोनवर नक्की सांगता येत नाही, एक्सरे बघून सांगतात, ते ठीक आहे, पण बघितल्यावर तरी सांगायला पाहिजे. कॅपचं माप लॅबला जातं, यायला काही दिवस लागतात. इम्प्लांट असेल तर हाडात स्क्रू बसवल्यावर बहुतेक वेळा 3 ते 6 महिने थांबून मग वरचा दात बसवतात. दात सरळ करायला तारा लावायच्या तर दीडेक वर्ष दर महिन्याला हजेरी, त्यासाठी मुंबईचा नाद सोडा, रत्नागिरी-कुडाळला कोणी मिळतो का बघा.

क्लिनिक कुठे? नातेवाईकाच्या घराजवळ, नाहीतर दादर, ठाणे, पनवेल यांपैकी जिथे आपली गाडी थांबते तिथे. बांद्र्याचा कोणीतरी भारी डॉक्टर आहे म्हणून डोंबिवलीहून सुजलेला गाल धरून लोकलला लटकत जायची काही गरज नाही.

आता डॉक्टर. बीडीएस ही दातांच्या डॉक्टरची मूळ डिग्री, इंटर्नशिप धरून 5 वर्षं, त्यावर स्पेशालिस्ट व्हायचं 3 वर्षांचं एमडीएस, आणि एमडीएस कशात हे महत्त्वाचं. रूट कॅनलवाला एंडोडोन्टिस्ट, अक्कलदाढ आडवी असेल तर ओरल सर्जन, हिरड्यांचा पेरिओडोन्टिस्ट, कवळी आणि कॅपचा प्रॉस्थोडोन्टिस्ट. साध्या कामाला चांगला बीडीएस पुरतो, उगीच डिग्र्यांच्या मागे लागू नका. महाराष्ट्र स्टेट डेंटल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर असतोच, बोर्डवर किंवा कागदावर दिसला नाही तर विचारा. आणि हे नक्की विचारा की काम कोण करणार, कारण बऱ्याच ठिकाणी पाटी एकाची आणि रूट कॅनलला बाहेरचा कन्सल्टंट ठराविक वारी येतो. त्यात वाईट काही नाही, स्पेशालिस्ट असतो उलट, फक्त तो मंगळवारी येणार आणि तुमचं तिकीट सोमवारचं असं व्हायला नको.

गूगलवर पाच स्टार आणि 'डॉक्टर खूप प्रेमळ आहेत' याचा काही उपयोग नाही, दोन-तीन स्टारवाले वाचा, त्यातले वर्षभराने परत येऊन लिहिलेले तर जरूर.

खुर्चीत बसल्यावर डोळे उघडे ठेवा. हत्यारं सीलबंद पाउचमधून तुमच्यासमोर काढली का, ऑटोक्लेव्हमधे (वाफेने जंतू मारायच्या मशीनमधे) गेलेल्या पाउचवरच्या खुणेचा रंग बदललेला असतो. हातमोजे नवे घातले का. रूट कॅनल करताना दाताभोवती रबराचा पडदा लावला तर समजा माणूस नीट काम करणारा आहे. एका दाढेसाठी गेलात आणि सहा दातांचं बिल सांगितलं तर भांडू नका, एक्सरेवर कीड कुठे दिसते ते दाखवा म्हणायचं, आधी दुखणारी दाढ करू बाकीचं पुढच्या फेरीत. खरा डॉक्टर दाखवतो, आणि कुठली खरंच थांबणार नाही तेही सांगतो. एक्सरेचा फोटो मोबाईलवर घेऊन दुसऱ्याला दाखवायला कसली लाज.

आमची मावशी म्हणते दात साफ केले की हलतात आणि वरची दाढ काढली की नजर जाते. दोन्ही खोटं. साफ केल्यावर हलणारे दात आधीच हलत असतात, दातांवर चिकटलेल्या खड्याने, म्हणजे साचून कडक झालेल्या थराने, ते कळत नाही एवढंच.

पैशाचं कागदावर घ्या, रूट कॅनलमधे कॅप धरलीय की वेगळी, कॅप मेटलची, सिरॅमिकची की झिर्कोनियाची, वॉरंटी कार्ड मिळणार का. बजेट नसेल तर मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल किंवा सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज, खासगीपेक्षा खूपच स्वस्त, पण सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा आणि अख्खा दिवस धरून चालायचं. काम शिकणारी मुलं करतात, सर-मॅडम तपासतात, वेळ लागतो. सावंतवाडी-बांद्यावाल्यांना तर मुंबईपेक्षा बांबोळीचं गोवा डेंटल कॉलेज जवळ, आणि रत्नागिरीच्या उत्तर भागातल्यांसाठी खेडलाही डेंटल कॉलेज आहे.

शुगर, बीपी, रक्त पातळ करायची गोळी हे आधीच सांगा, गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. तंबाखू-मिश्री लपवू नका, त्यांना तोंड बघूनच कळतं.

दाढ काढली की त्याच रात्री गाडीत बसायचं टाळा, एक रात्र नातेवाईकाकडे काढा. कापूस सांगतील तेवढा वेळ दाबून धरायचा, दिवसभर थुंकायचं नाही, चूळ नाही, स्ट्रॉ नाही, तंबाखू तर नाहीच. पेज चालते पण गार करून.

आणि निघताना एक्सरे, बिल, काय केलं त्याचा कागद सगळं घ्या, म्हणजे गावात टेम्पररी फिलिंग निघालं तर तिथला डॉक्टर अंधारात चाचपडणार नाही. पुढची तारीख तिथेच ठरवून घ्या, रेल्वेचं रिझर्वेशन 60 दिवस आधी उघडतं, आणि ती तारीख गणपतीच्या आसपास येत असेल तर डॉक्टरला तसं सांगून मागेपुढे करून घ्या, तेव्हा दाढ दुखते म्हणून कोकणकन्येत कोणी जागा देणार नाही.