'ग्रब रेस्क्यू'वर अडकलेलं लिनक्स असं सुरू केलं

एमबीआर या जुन्या विभागणी पद्धतीच्या डिस्कवरचं एक रिकामं लॉजिकल पार्टिशन (डिस्कचा एक भाग) काढलं. रीस्टार्ट केल्यावर काळ्या स्क्रीनवर 'नो सच पार्टिशन' आणि खाली 'ग्रब रेस्क्यू' (ग्रब म्हणजे लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम, हा त्याचा आणीबाणीचा प्रॉम्प्ट), बस्स. हे दिसलं म्हणून घाबरून नव्याने इन्स्टॉल करायला घेऊ नका, डेटा जागेवरच असतो. मधलं लॉजिकल पार्टिशन गेलं की पुढच्यांचे क्रमांक सरकतात. माझं ६ नंबरचं ५ झालं होतं आणि ग्रब अजून ६ मध्येच स्वतःच्या फाइली शोधत होतं.

तिथेच 'एलएस' दिलं, पार्टिशनांची यादी आली. एकेक उघडून बूट फोल्डर कुठे आहे ते पाहिलं. मग 'सेट'ने रूटला (ग्रबने वापरायचं पार्टिशन) त्या पार्टिशनचा पत्ता दिला. प्रीफिक्सला (ग्रबच्या फाइलींची जागा) तोच, पण पुढे स्लॅश बूट स्लॅश ग्रब जोडून. हे जोडायचं राहिलं तर पुढचं काही चालत नाही. नंतर 'इन्समॉड नॉर्मल', मग 'नॉर्मल', आणि नेहमीचा मेनू समोर!

ही सोय त्या एका बूटपुरतीच. त्यामुळे आत शिरताच सुडो लावून (म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) 'ग्रब-इन्स्टॉल' चालवलं, तेही अख्ख्या डिस्कवर: एसडीए, एसडीए५ हे पार्टिशन नव्हे. शेवटी बूट मेनू नव्याने बनवायला 'अपडेट-ग्रब'. ही कमांड डेबियन-उबुंटूवाल्यांसाठी. फेडोरात 'ग्रब२-एमकेकॉन्फिग' वापरतात.