नळाला हात लावला की झिणझिण्या येतात?

गीझर चालू असताना ओल्या हाताला नळाचा बारीकसा झटका बसला, तर ‘जरासा करंट येतोय’ म्हणून सोडून देऊ नका. गीझरची कॉइल फुटली की करंट पाण्यात आणि टाकीच्या पत्र्यात उतरतो. अर्थिंग धड असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर तुमच्या अंगातून. रबरी चप्पल घालून आंघोळ करणं हा त्यावर उपाय नव्हे. कोरड्या हाताने मेन स्विच पाडा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा.

एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) एकदा पडला आणि तेव्हा इस्त्री आणि मिक्सर एकाच बोर्डावर होते, तर लोड कमी करून तो वर करायला हरकत नाही. पण लगेच पुन्हा पडला तर तिथेच थांबा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) वारंवार पडत असेल तर कुठेतरी गळती आहे. त्याला बायपास करून घेणं म्हणजे घरातला राखणदारच हाकलणं.

आमच्या ओट्याजवळच्या सॉकेटला फक्त एक तपकिरी डाग होता. जळक्या प्लास्टिकचा वास यायला लागल्यावर उघडून घेतलं, तर आत ढिल्या स्क्रूपाशी वायर काळी पडून चुरा झाली होती.

एका खोलीतले दिवे मंद आणि दुसरीतले झगझगीत झाले, तर बहुधा न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) सुटलाय. फ्रिज, टीव्ही जळायच्या आत मेन बंद करा.

आणि गीझरसाठी वायरमन आला की नुसती कॉइल बदलून जाऊ देऊ नका, अर्थिंगही मीटर लावून तपासायला सांगा.