फ्लू निघाला म्हणून मलेरियाचं रक्त द्यायचं टाळता? या चुका टाळा

लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली रक्ताच्या स्लाइडी बघत बसतो मी, आणि एक वाक्य ऐकून कान किटलेत: "फ्लू निघालाय ना, मग मलेरियाचं रक्त कशाला?" अहो, दोन्ही एकदम होऊ शकतात! फ्लूची टेस्ट फक्त फ्लूचं सांगते.

एक पोरगा आलेला, तीन महिन्यांपूर्वी व्हायवॅक्स (मलेरियाचा एक प्रकार) होऊन गेलेला. घरात सगळ्यांना खोकला, यालाही, टेस्ट केली तर फ्लू. बाकीचे पाचव्या दिवशी उठून कामाला लागले, याला मात्र दिवसाआड हुडहुडी भरून ताप, आणि हा पॅरासिटामॉल खाऊन "उतरला, उतरला" करत बसला. मलेरियाचं किट (झटपट टेस्टची पट्टी) पहिल्याच दिवशी निगेटिव्ह आलेलं, त्या एका रेघेच्या भरवशावर आठ दिवस काढले. स्लाइड लावली तर फुगलेल्या लाल पेशी आणि आत जंतू, शोधावे पण लागले नाहीत. जंतू कमी असले की किट चुकतं हो! निगेटिव्ह आलं तरी १२ ते २४ तासांनी परत रक्त द्या, असं तीनदा, आणि ताप चढायची वाट बघू नका.

मग विचारलं, प्रायमाक्विन (लिव्हरमधले जंतू मारायची गोळी) पूर्ण केलेलं का? १४ दिवसांचं दिलेलं, चौथ्या दिवशी बंद. का, तर ताप गेला आणि पोटात मळमळत होतं. इथेच माझं डोकं फिरतं. क्लोरोक्विनच्या गोळ्यांनी रक्तातले जंतू मेले म्हणून ताप गेला, लिव्हरमध्ये झोपलेले तसेच राहतात आणि काही आठवड्यांनी नाहीतर महिन्यांनी उठतात, नवा डास चावायलाच हवा असं नाही. मी तर घरच्यांच्या स्ट्रिपवर पेनाने तारखाच लिहून देतो, आणि गोळी जेवणानंतर, म्हणजे मळमळ कमी.

पण उरलेलं प्रायमाक्विन मनाने सुरू करू नका. आधी जी६पीडी (लाल पेशींना जपणारं एन्झाइम) तपासणी, ते कमी असेल तर लाल पेशी फुटतात, लघवी काळपट होते. गरोदर बाईला तर देतच नाहीत.

घरात पडलेलं अँटिबायोटिक: फ्लूवर शून्य उपयोग.

प्लेटलेट कमी आल्या की लगेच "डेंग्यू, डेंग्यू" नको, मलेरियातही घसरतात.

आधीचा मलेरिया फाल्सिपॅरम (मलेरियाचा दुसरा प्रकार) असेल तर औषधानंतरही किट काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतं, तेव्हा "परत आला" म्हणायच्या आधी स्लाइड करा.

आणि दम लागला, असंबद्ध बडबड सुरू झाली, डोळे पिवळे झाले तर माझ्याकडे रिपोर्टसाठी बसून राहू नका, सरळ इमर्जन्सीत जा, रक्त तिथेही घेतात.