नाव कधी सापडतं, कधी नाही: छोट्या नेटवर्कवरचा डीएनएस कसा तपासायचा

डीएनएस म्हणजे मशिनच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता सांगणारी सेवा. लिनक्स मशिनवरून आयपीवर पिंग जातोय, नावावर जात नाहीये, एवढं बघून झालंय असं धरतो. लगेच रीस्टार्ट मारू नका, दुखणं तात्पुरतं दबतं आणि नेमकं सुट्टीच्या दिवशी वर येतं.

आधी 'डिग' (dig) या कमांडने थेट आपल्या डीएनएस सर्व्हरला विचारा, नाव पूर्ण द्या, डिग सर्च डोमेन (छोट्या नावापुढे जोडायची ठरलेली शेपटी) आपणहून लावत नाही. उत्तरच नाही आलं तर डीएनएसची सर्व्हिस चालू आहे का बघा, फायरवॉलमध्ये डीएनएसचा पोर्ट ५३ उघडा आहे का बघा, यूडीपी आणि टीसीपी दोन्ही. मग तेच नाव 'गेटएंट होस्ट्स' (getent hosts) या कमांडला विचारा. डिग होस्ट्स फाइल (मशिनवरचीच नावं आणि आयपींची यादी) बघत नाही, गेटएंट बघतो, त्यामुळे उत्तरं वेगळी आली तर बहुतेक कोणीतरी त्या फाइलमध्ये जुना आयपी लिहून विसरलंय.

आता खरी डोकेदुखी. आमचा रात्री २ चा बॅकअप 'डेटाबेसचं नाव सापडत नाही' म्हणत पडायचा आणि सकाळी मी बघेपर्यंत सगळं चकाचक, दोन आठवडे मी केबली बदलत बसलो. शेवटी रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ (/etc/resolv.conf, कोणत्या डीएनएस सर्व्हरला विचारायचं ते सांगणारी फाइल) उघडली तर पहिली ओळ आमचा सर्व्हर, दुसरी ८.८.८.८ म्हणजे गूगलचा सार्वजनिक डीएनएस, आणि ती 'असू दे बॅकअपला' म्हणून मीच टाकलेली! रात्री २ ला डीएनएसच्या व्हीएमचा (व्हर्च्युअल मशिनचा) स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, निघायचा, तेवढ्यात डीएनएस काही सेकंद गप्प व्हायचा. लिनक्स ५ सेकंद थांबतो, मग दुसऱ्याला विचारतो, त्या बाहेरच्याला आमचा डेटाबेस कुठून माहीत असणार, तो म्हणतो असं नावच नाही. झालं, 'नाही' हेसुद्धा उत्तरच, परत पहिल्याकडे कोणी जात नाही. सिस्टमडी-रिझॉल्व्हड (बऱ्याच लिनक्सवर नावं शोधून देणारी सर्व्हिस) असेल तर अजून वाईट, तो एकदा दुसऱ्याकडे गेला की तिथेच मुक्काम ठोकतो.

दुसरा नेमसर्व्हर म्हणजे स्टेपनी नाही हो. दोघांनाही तीच नावं माहीत हवीत. दुसरा हवाच तर आपल्याच दुसऱ्या मशिनवर सेकंडरी (पहिल्याकडून नावांची प्रत घेणारा सर्व्हर) उभा करा, ८.८.८.८ ची जागा डीएनएस सर्व्हरच्या फॉरवर्डरमध्ये, म्हणजे स्वतःला माहीत नसलेली नावं तो ज्याला विचारतो तिथे. कोणी काहीही सांगो.

रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये १२७.०.०.५३ (म्हणजे सिस्टमडी-रिझॉल्व्हडच) दिसलं तर तिथे हाताने लिहू नका, पुसलं जाईल. नेटप्लॅन (उबुंटूची नेटवर्क सेटिंग) किंवा डीएचसीपीमध्ये (मशिनना आयपी वाटणाऱ्या सेवेत) बदला, 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस'ने (resolvectl status) खात्री करा. मग कॅश (साठवून ठेवलेली जुनी उत्तरं) फ्लश करा, 'नाही'सुद्धा कॅशमध्ये राहतं. आणि झोन फाइलला (डीएनएस सर्व्हरवरच्या नावांच्या यादीला) हात लावलात की तिच्यातला सीरियल नंबर वाढवा, नाहीतर सेकंडरी जुनीच उत्तरं देत बसेल.