बातमीवर मत लिहिण्याआधी बातमीचे क्रियापद वाचावे

31 जुलै 2024 रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पश्चिम घाटातील पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राविषयीची अधिसूचना काढली आणि चार-पाच दिवसांत तिची बातमी आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर येऊन पडली. सिंधुदुर्गातील आमच्या गावाचे नाव यादीत होते. मी शीर्षक आणि पहिले दोन परिच्छेद वाचले आणि लिहून मोकळा झालो, की यापुढे घराची कौले परतायची झाली तरी दिल्लीची परवानगी काढावी लागणार. वाक्य झणझणीत झाले होते. संध्याकाळपर्यंत ते शेजारच्या गावांच्या गटांवर फिरून माझ्याकडेच परत आले, आणि तोवर त्यात माझ्या नावापुढे कोणीतरी ‘जाणकार’ अशी पदवीही जोडली होती.

त्या एका वाक्यात दोन चुका होत्या. पहिली म्हणजे ती अधिसूचना अंतिम नव्हती, प्रारूप, म्हणजे हरकतींसाठी काढलेला मसुदा, होती. दुसरी अधिक लाजिरवाणी: अस्तित्वात असलेल्या घरांच्या दुरुस्तीवर किंवा वाढीव बांधकामावर प्रचलित कायद्यांपलीकडे कोणतेही बंधन नसेल, असे त्या प्रारूपातच लिहिलेले होते. राजकारणाच्या आणि सरकारी निर्णयांच्या बातम्यांवर आपले मत कसे मांडावे, याची जी पद्धत त्यानंतर मी स्वतःला लावून घेतली, ती कोकणातल्या वाचकांसाठी येथे मांडतो.

पहिले काम म्हणजे बातमीतले क्रियापद शोधणे. मराठी वृत्तपत्रांची एक ठरलेली बोली आहे आणि आपण ती इतकी वर्षे वाचत आलो आहोत, की तिच्यातले फरक आपल्याला दिसेनासे झाले आहेत. ‘हालचालींना वेग’, ‘संकेत’, ‘सूत्रांची माहिती’, ‘मार्गी लागणार’ या शब्दांचा अर्थ एवढाच, की अजून कागदावर काहीही नाही. ‘तत्त्वतः मान्यता’ म्हणजे कोणीतरी मान हलवली आहे. सार्वजनिक कामाच्या बाबतीत प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश या चार वेगवेगळ्या पायऱ्या असतात आणि दोन पायऱ्यांमध्ये कित्येकदा निवडणूक होऊन जाते. तरीही या चारांपैकी कोणत्याही दिवशी ‘पुलाचे काम मार्गी’ हेच शीर्षक छापले जाऊ शकते. आपण अभिनंदन करणार असू किंवा निषेध करणार असू, तो नेमका कोणत्या पायरीचा, हे आधी ठरवावे. नाहीतर एकाच साकवासाठी, म्हणजे ओढ्यावरच्या लहान पुलासाठी, एकाच पुढाऱ्याचे चार वेळा अभिनंदन करण्याची पाळी येते, आणि आमच्याकडे ती आलेली आहे.

कायदे व अधिसूचनांच्या बाबतीत प्रारूप आणि अंतिम हा भेद सर्वांत महत्त्वाचा आहे. पश्चिम घाटाचेच उदाहरण घ्यावे. गाडगीळ समितीचा अहवाल 2011 मधला, कस्तुरीरंगन समितीचा 2013 मधला. त्यानंतर मार्च 2014 मध्ये पहिले प्रारूप निघाले आणि जुलै 2024 मधले सहावे होते. सहा राज्यांतील सुमारे 56,825 चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात येते आणि त्यांपैकी 17,340 चौरस किलोमीटर महाराष्ट्रात आहे. प्रत्येक प्रारूपावर हरकती घेण्यासाठी 60 दिवस दिले जातात. दर वेळी बातमी अशी येते की जणू उद्यापासून अंमल सुरू होणार आहे, दर वेळी आपण तितक्याच जोराने संतापतो किंवा आनंदतो, आणि ज्या 60 दिवसांत लेखी मताला काही किंमत असते ते दिवस त्या गदारोळात निघून जातात. म्हणून ‘प्रारूप’ हा शब्द दिसताच भिंतीवरच्या कालनिर्णयात शेवटच्या तारखेवर खूण करावी; मत त्यानंतर बनवले तरी चालते.

हेच दुसऱ्या बाजूनेही पाहावे. एप्रिल 2023 मध्ये राजापूर तालुक्यातील बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा एका बाजूच्या लोकांनी ‘प्रकल्प आला’ म्हणून लिहिले आणि दुसऱ्या बाजूच्यांनी ‘नुसती मातीच तर तपासत आहेत’ म्हणून विरोधकांची टिंगल केली. बातमीतले क्रियापद ‘तपासणे’ हे होते. परंतु त्याच तालुक्यातील नाणारच्या आधीच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी जमीन घेण्याची अधिसूचना निघून मार्च 2019 मध्ये रद्द झाल्याचे ज्यांनी पाहिले होते, त्यांना मातीच्या तपासणीत पुढच्या भूसंपादनाची चाहूल लागली तर ती टिंगल करण्यासारखी गोष्ट नव्हे. फक्त भीती ही भीती म्हणून लिहावी आणि घडलेली गोष्ट घडलेली म्हणून. ‘तपासणी सुरू झाली आहे आणि त्यामागून संपादन येईल अशी मला भीती वाटते’ हे वाक्य कोणालाही खोडता येत नाही. ‘आमच्या जमिनी गेल्या’ हे वाक्य एका सातबाऱ्याच्या उताऱ्याने खोडून काढता येते.

सातबाऱ्याचा विषय निघालाच आहे, तर दुसरे काम सांगतो: आपला संबंध आधी सांगावा. कोकणातल्या जमिनी सामायिक असतात, एका उताऱ्यावर पणजोबांपासूनची पंचवीस-तीस नावे असतात आणि त्यांतली निम्मी माणसे मुंबई, ठाणे, डोंबिवलीत राहतात. त्यामुळे प्रकल्पाच्या बातमीवर मत देणारा माणूस गावात बागायत करतो, की दर चतुर्थीला येणारा चाकरमानी आहे, की त्याने आपला हिस्सा मागच्याच वर्षी विकला आहे, यावर त्याच्या मताचा अर्थ बदलतो. चाकरमान्याला मत असू नये असे मी मुळीच म्हणत नाही. गावची देवळे आणि शाळा त्याच्या मनीऑर्डरींवर उभ्या राहिल्या आहेत. पण ‘मी बोरिवलीला राहतो, गावात आमची सामायिक चौदा गुंठे जमीन आहे आणि माझा चुलतभाऊ तिथे काजू करतो’ एवढे एक वाक्य आधी लिहिले, तर ‘तुम्हाला काय, तुम्ही आठ दिवसांचे पाहुणे’ या ठरलेल्या टोमण्याची निम्मी धार जाते. आपला भाचा ठेकेदार असेल किंवा आपण एखाद्या पक्षाचे पदाधिकारी असू, तर तेही लिहावे. लपवलेला संबंध गावात कधीच लपत नसतो.

तिसरी गोष्ट दुर्घटनेच्या बातमीची. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवाजी महाराजांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला. 4 डिसेंबर 2023 च्या नौदल दिनी त्याचे अनावरण झाले होते, म्हणजे नऊ महिनेही पुरे झाले नव्हते. अशा बातमीवर गप्प बसावे असा उपदेश करणे मला खोटेपणाचे वाटते. दुःख आणि संताप त्याच संध्याकाळी व्यक्त होणे स्वाभाविक आहे. मात्र काय झाले, कशामुळे झाले आणि जबाबदार कोण, हे तीन प्रश्न असतात आणि पहिल्या दिवशी त्यांतल्या केवळ पहिल्याचे उत्तर हाती असते. वारा, गंज, जोडकाम, घाई यांपैकी एखादे कारण आपल्या राजकीय कलाला सोयीचे असते आणि तेच आपल्याला पटकन पटते. त्या दिवशी पहिल्या प्रश्नावर लिहावे, उरलेले दोन प्रश्न म्हणूनच लिहावेत आणि चौकशीचा अहवाल आल्यावर पुन्हा लिहावे. ‘पुन्हा’ हा शब्द येथे महत्त्वाचा, कारण अहवाल येतो तेव्हा बातमी आतल्या पानावर गेलेली असते आणि लिहिणारे फारच थोडे उरतात.

भाषेबद्दल थोडक्यात सांगतो. मालवणी गजालीत, म्हणजे गप्पांत, तिरकस बोलणे हा गुन्हा नाही, तो पाहुणचार आहे. पण खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसून म्हटलेल्या वाक्याबरोबर जो चेहरा आणि जो स्वर असतो, तो मोबाइलच्या पडद्यावर उमटत नाही. पालघरमध्ये नोव्हेंबर 2012 मध्ये मुंबई बंदविषयी फेसबुकवर लिहिलेल्या एका मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली होती, आणि त्यांतल्या एकीने तो मजकूर केवळ ‘लाइक’ केला होता. त्या प्रकरणात लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केले. बदनामीचा कायदा मात्र आजही आहे. तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे. ‘या कामाचा खर्च दोनदा वाढला, त्याचे कारण जाहीर करावे’ आणि ‘अमुक माणसाने पैसे खाल्ले’ या दोन वाक्यांतले अंतर ओळखावे. पहिले वाक्य कामावर आहे आणि ते कोणालाही सहीनिशी लिहिता येते. दुसऱ्यासाठी पुरावा लागतो.

आता प्रत्यक्ष लिहिण्याकडे वळू. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हापासून वाचकांचा पत्रव्यवहार हा मराठी वृत्तपत्रांचा जिवंत भाग राहिला आहे, आणि चांगल्या वाचकपत्राची घडण आजही गटावरच्या संदेशाला तितकीच लागू पडते. पहिल्या वाक्यात बातमी कोणत्या तारखेची आणि तिचे म्हणणे काय, हे बातमी न वाचलेल्याला समजेल असे लिहावे. दुसऱ्यात आपला संबंध सांगावा. त्यानंतर एकच मुद्दा घ्यावा, आणि तो असा असावा की जो पुण्या-मुंबईच्या संपादकाला कार्यालयात बसून सुचणार नाही. मुंबई-गोवा महामार्ग हे त्याचे उत्तम उदाहरण. पनवेल ते इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झाले आणि तेव्हापासून ‘गणपतीपूर्वी पूर्ण’ हे शीर्षक इतक्या वेळा छापले गेले आहे, की त्यावर ‘सगळे सारखेच’ असे लिहिण्यात आता काही अर्थ उरलेला नाही. त्याऐवजी आपल्या गावाच्या फाट्यावर सेवा रस्ता नसल्यामुळे शाळेतली मुले चौपदरी रस्ता कशी ओलांडतात, एसटी कोठे थांबते, पावसाळ्यात कोणत्या मोरीखाली पाणी तुंबते, हे लिहावे. शेवटी मागणी लिहावी आणि ती कोणाकडे आहे हेही लिहावे. दोनशे शब्द पुरतात. पत्राखाली नाव आणि गाव असावे. निनावी पत्र संपादक छापत नाहीत आणि वाचकही मनावर घेत नाहीत.

मत मांडण्याची खरी जागा मात्र कित्येकदा वेगळीच असते, आणि हे मी थोडे विस्ताराने सांगणार आहे, कारण आपला बहुतेक संताप चुकीच्या पत्त्यावर जातो. पर्यावरणीय मंजुरी लागणाऱ्या बहुतांश मोठ्या प्रकल्पांसाठी 2006 च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना वृत्तपत्रांत किमान 30 दिवस आधी द्यावी लागते आणि प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. तो सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत जाऊन मागावा आणि ज्या पानावर आपल्या गावाचा, खाडीचा किंवा मासेमारीचा उल्लेख आहे, त्या पानाचा क्रमांक देऊन लेखी हरकत द्यावी. सुनावणीवर बहिष्कार टाकण्याची आपल्याकडे परंपरा आहे आणि तिच्यामागची चीड मला समजते. पण या सुनावणीला गणसंख्येची अट नाही, त्यामुळे रिकाम्या मंडपातही ती पूर्ण झाली असे धरले जाते. बहिष्कार टाकायचाच असेल तर टाकावा, परंतु लेखी हरकत देऊन आणि तिची पोच घेऊन.

छोट्या विषयांसाठी ग्रामसभा आहे. वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य असतो. ज्याने मतदान मुंबईला हलवले आहे, त्याला तेथे मत नाही. त्याने आपले म्हणणे गावातल्या भावाकडे लेखी पाठवावे. बातमीतली माहितीच अपुरी वाटत असेल, तर मत देण्याआधी माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. महाराष्ट्रात त्याला 10 रुपयांचे शुल्क पडते, अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत असावा लागतो आणि उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते. त्यात ‘काम का रखडले’ असे विचारू नये, कारण ‘का’चे उत्तर देण्यास माहिती अधिकारी बांधील नसतो. कार्यारंभ आदेशाची आणि मुदतवाढीच्या पत्रांची प्रत मागावी. ‘का’ त्यात आपोआप सापडते.

चूक झाली तर दुरुस्ती त्याच गटावर, त्याच नावाने आणि मूळ वाक्य उद्धृत करून करावी. गुपचूप संदेश पुसून टाकणे ही दुरुस्ती नव्हे, कारण तोवर तो चार गावे फिरून आलेला असतो. मीही माझी दुरुस्ती उघडपणेच केली. अधिसूचना प्रारूप असल्याचे लिहिले, घरांच्या दुरुस्तीविषयीचा भाग जसाच्या तसा टाकला आणि आपल्या वाक्याबद्दल खेद व्यक्त केला. बहुतेकांनी अंगठा दाखवून विषय संपवला. फक्त आमच्या ऐंशी वर्षांच्या आबाकाकांनी दुसऱ्या दिवशी गावाहून फोन केला आणि विचारले, “घराचा समाजला. पण सड्यावरच्या चिरेखाणीचा काय?”

खाणकाम आणि दगडखाणी यांवरची बंदी हा त्या प्रारूपाचा गाभाच होता आणि त्याविषयी मी एक अक्षरही लिहिले नव्हते. आमच्या वाडीतली पाच घरे चिऱ्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणीवर, जगतात आणि त्याच खाणीखालच्या विहिरी एप्रिलमध्ये आटतात, त्यामुळे खुद्द भावकीतही त्यावर एकमत होणार नव्हते. 7 सप्टेंबरला चतुर्थी होती, सगळे गावी आले होते आणि मुदतीचे तीनेक आठवडे अजून बाकी होते. आरती झाल्यावर खळ्यात बसून आम्ही अर्ज लिहायला घेतला, आणि तिसऱ्या रात्री दोन वेगवेगळे अर्ज तयार झाले: एक खाणीच्या बाजूने, एक विहिरींच्या. दोन्ही आबाकाकांनी वाचले आणि सही विहिरींच्या अर्जावर केली, जरी खाणीतला एक हिस्सा त्यांच्याच मुलाचा आहे.