कॉलेजच्या तरुणांसाठी अभ्यास-साहित्य निवडताना

मंडळीतल्या (चर्चमधल्या) कॉलेजवयीन मुलांच्या गटासाठी बायबल-अभ्यासाची पुस्तिका घ्यायची असेल, तर मुखपृष्ठ आणि प्रस्तावना बाजूला ठेवा, थेट प्रश्न वाचा. मार्कच्या शुभवर्तमानातल्या 2:1-12 या भागावरचा पाठ काढा. ‘पक्षाघाती माणसाला किती जणांनी उचलून आणलं?’ एवढंच विचारलं असेल, तर ती पुस्तिका लहान मुलांच्या संडे स्कूलची आहे. ‘तो बरा व्हायला आला होता, मग येशूने आधी पापांची क्षमा का केली?’ असा प्रश्न असेल, तर घ्या. यावर वीस वर्षांची मुलं तासभर बोलतात.

परदेशी साहित्य तसंच्या तसं उचलू नका. त्यातली उदाहरणं तिथल्या विद्यार्थ्यांची असतात. आपल्याकडची मुलं पुण्यात कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतात, घरून लग्नाचा विषय निघतो, वर्गात ‘तुम्ही ख्रिश्चन कसे?’ असं विचारलं जातं. त्यांना बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकाचा पहिला अध्याय लगेच भिडतो: परका देश, परकी भाषा, तीन वर्षांचं शिक्षण, आणि ताटात काय घ्यायचं याचा निर्णय.

कॉलेजांमध्ये 1954 पासून काम करणाऱ्या यूईएसआय या ख्रिस्ती विद्यार्थी संघटनेच्या जवळच्या कार्यकर्त्यांना जरूर विचारा. विद्यार्थ्यांमध्ये काय चालतं ते त्यांना ठाऊक असतं. मराठी कमी वाचणाऱ्यांसाठी यूव्हर्शन या बायबल ॲपवर मराठी आणि इंग्रजी दोन्ही शास्त्रपाठ मोफत आहेत.

आणि विकत घेण्याआधी एक पाठ गटातल्याच दोघांना चालवायला द्या. ती मुलं कुठे अडखळतात ते बघून मग पाळकांशी बोला.